सेव्ह न केलेल्या टॅबचा ढीग: लॅपटॉप बदलण्याआधी कसा आवरावा?

आडवाट

नमस्कार मंडळी,

मी डेटाबेस सपोर्टमध्ये काम करतो. दिवसभर नोटपॅड प्लस प्लस हा टेक्स्ट एडिटर उघडाच असतो. तिकीट (तक्रारीची नोंद) आलं की नवा टॅब, फोनवर कुणी काही सांगितलं की नवा टॅब, क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) चालवण्याआधी एकदा नजरेखालून घालायची म्हणून आणखी एक टॅब. बंद करून परत उघडलं तरी सगळं जागच्या जागी मिळतं, म्हणून सेव्ह करण्याची वेळच येत नाही. आता वरच्या पट्टीत 'न्यू १२', 'न्यू ४७' अशी नुसती रांग आहे आणि उघडल्याशिवाय कशात काय ते कळत नाही. शिवाय सब्लाइम टेक्स्ट या दुसऱ्या एडिटरमध्ये प्रत्येक क्लायंटची वेगळी खिडकी, तिथेही हीच तऱ्हा.

धागा काढायचं निमित्त असं की महिनाअखेरीस ऑफिस लॅपटॉप बदलून देतंय. जुना आयटीकडे जमा करायचा, तो लगेच फॉरमॅट होतो. तर हा सगळा मजकूर डिस्कवर नक्की कुठे असतो? नव्या मशिनवर जसाच्या तसा नेता येईल का? आणि न्यायचं काय, टाकायचं काय, हे एकेक टॅब न उघडता ठरवता येईल का?

'सेव्ह करत जा' हे मलाही पटतं. पण प्रत्येक वेळी नाव आणि फोल्डर विचारणारी चौकट समोर आली की हातातल्या कामाची तंद्री तुटते. त्यावर कुणी काही मार्ग काढला असेल तर सविस्तर लिहा.

कळफलक

फाइल मेनूत 'सेव्ह ऑल' आहे. कंट्रोल+शिफ्ट+एस दाबा, काम झालं.

आडवाट

ज्या फाइलींना आधीच नाव आहे त्यांचं होतं. 'न्यू' टॅबसाठी एकेकाचं नाव विचारत बसतं, तिथेच तर गाडी अडते.

टंकनिका

आडवाट, मजकूर डिस्कवर आहे, काळजी करू नका. विंडोज+आर दाबून दोन टक्केचिन्हांच्या मध्ये 'अ‍ॅपडेटा' (इंग्रजीत) टाइप करा आणि एंटर मारा. उघडलेल्या फोल्डरात नोटपॅड प्लस प्लसचं फोल्डर असेल, त्याच्या आत 'बॅकअप'. तिथे प्रत्येक बेनावी टॅबची एक फाइल दिसेल. फाइलचं नाव म्हणजे आधी टॅबचं नाव, मग @ हे चिन्ह, मग तारीख आणि वेळ. शेवटी एक्स्टेन्शन नसतं, पण आत साधाच मजकूर असतो. कुठल्याही एडिटरात ओढून टाका, उघडेल.

त्या तारखेचा तुम्हाला फार उपयोग आहे. त्या टॅबचा बॅकअप पहिल्यांदा घेतला गेला तेव्हाची ती तारीख असते. एक्सप्लोररमध्ये 'डेट मॉडिफाइड' हा रकाना शेजारी ठेवा. टॅब कधी जन्मला आणि शेवटचा हात कधी लागला, दोन्ही कळतं. जुने आणि पुन्हा कधीच न शिवलेले टॅब एकाही टॅबवर क्लिक न करता वेगळे दिसतात.

ही सोय २०१४ साली, ६.६ या आवृत्तीत आली. सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, बॅकअप इथे 'सेशन स्नॅपशॉट अँड पिरिऑडिक बॅकअप' असा पर्याय आहे. मुळात तो चालूच असतो आणि दर ७ सेकंदांनी प्रत काढतो. कुणी तो बंद केलेला असेल तर एडिटर बंद करताना नेहमीसारखं 'सेव्ह करायचं का' असं विचारलं जातं. म्हणून आधी तिथे टिक आहे ना, ते बघा.

आता हलवण्याबद्दल. बॅकअप फोल्डरच्या एक पायरी वर 'सेशन' नावाची एक्सएमएल फाइल असते. कुठले टॅब उघडे होते, कोणत्या क्रमाने, कर्सर कुठे होता आणि त्या टॅबची बॅकअप प्रत नेमकी कुठे आहे, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. नोटपॅड प्लस प्लस पूर्ण बंद करायचं, मगच बॅकअप फोल्डर आणि ही फाइल उचलायची. नव्या मशिनवरही एडिटर बंद असतानाच त्याच जागी ठेवायची. एक मेख लक्षात ठेवा. सेशन फाइलमध्ये बॅकअपचा पत्ता पूर्ण लिहिलेला असतो, त्यात विंडोजचं युजरनेमही येतं. नव्या लॅपटॉपवर युजरनेम बदललं तर ते पत्ते चुकतात आणि टॅब उघडत नाहीत. अशा वेळी विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये ती फाइल उघडून जुनं नाव काढा, नवं घाला, 'रिप्लेस ऑल' करा, सेव्ह करा आणि मग एडिटर सुरू करा.

या सगळ्याआधी बॅकअप फोल्डरची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. सेशन बिघडलं तरी मजकूर तुमच्या हातात राहतो, आणि शेवटी आपल्याला मजकूरच हवा असतो.

पहाटवारा

टंकनिकाताईंनी नोटपॅड प्लस प्लसचं नेमकं सांगितलं. सब्लाइम आणि व्हीएस कोड या एडिटरांचं मी सांगतो. तिथे खिडक्या जास्त आल्या की गोंधळ होतो, टॅबमुळे तितका होत नाही.

सब्लाइममध्ये या सोयीला 'हॉट एक्झिट' म्हणतात. सेव्ह न केलेला मजकूर 'लोकल' फोल्डरातल्या सेशन फाइलमध्ये जातो. ती जेसन प्रकारची, साध्या मजकुराची फाइल आहे, म्हणजे वेळ आलीच तर तिच्यात हात घालून मजकूर बाहेर काढता येतो. अडचण येते ती संध्याकाळी घाईत एकेक खिडकी फुलीवर टिचकी मारून बंद करण्यात. अशाने सगळ्यात शेवटी बंद केलेली खिडकी तेवढी सेशनमध्ये राहते. सगळ्या खिडक्या दुसऱ्या दिवशी तशाच हव्या असतील तर फाइल मेनूतून 'एक्झिट' करायचं, खिडक्यांना हात लावायचा नाही.

याहून पक्का मार्ग म्हणजे प्रत्येक क्लायंटसाठी 'सेव्ह प्रोजेक्ट अ‍ॅज'. त्यातून दोन फाइली होतात, प्रोजेक्ट आणि वर्कस्पेस. त्या खिडकीतले उघडे टॅब, बेनावी टॅबसकट, वर्कस्पेसमध्ये राहतात. मग ती खिडकी बंद केली काय, उघडी ठेवली काय, फरक पडत नाही. तुमच्या 'प्रत्येक क्लायंटची वेगळी खिडकी' या पद्धतीला हे अगदी चपखल बसेल.

व्हीएस कोडमध्ये सेटिंगचं नाव 'फाइल्स हॉट एक्झिट'. मूळ किंमत 'ऑन एक्झिट' असते, म्हणजे पूर्ण प्रोग्रॅम बंद होताना आठवण ठेवतो. पण इतर खिडक्या चालू असताना मधलीच एक बंद केलीत तर विचारतो. ती किंमत 'ऑन एक्झिट अँड विंडो क्लोज' केली की फोल्डर उघडलेल्या खिडक्यांचंही तो सांभाळतो. प्रती 'कोड' फोल्डरातल्या 'बॅकअप्स'मध्ये असतात. तिथल्या फोल्डरांची नावं म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं, बघून घाबरायला होतं. पण आतली फाइल उघडलीत की पहिल्या ओळीत मूळ फाइलचा पत्ता किंवा 'अनटायटल्ड' असं असतं आणि दुसऱ्या ओळीपासून तुमचा मजकूर.

'ऑटो सेव्ह' चालू आहे म्हणून निर्धास्त राहणारे बरेच जण भेटतात. ऑटो सेव्ह नाव असलेल्या फाइलींसाठी आहे. बेनावी टॅबला लिहायला जागाच नसते, त्याची भिस्त फक्त हॉट एक्झिटवर.

मुळारंभ

विम हा एडिटर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. ४ सेकंद हात थांबला किंवा २०० अक्षरं टाइप झाली की स्वॅप फाइल (तात्पुरती प्रत) लिहिली जाते, त्यामुळे मशिन अचानक बंद पडलं तरी 'रिकव्हर'ने परत मिळतं. पण स्वतःहून बाहेर पडताना उद्गारचिन्ह लावलंत तर विम तुमचा शब्द प्रमाण मानतो आणि सगळं सोडून देतो. उघडे बफर (उघडलेले मजकूर) पुन्हा हवे असतील तर 'एमकेसेशन' आहे, पण ते फाइलींची यादी ठेवतं, न लिहिलेला मजकूर नाही. ईमॅक्स या एडिटरमधलं 'स्क्रॅच' बफर तर बाहेर पडताना विचारतसुद्धा नाही. तिथे काही महत्त्वाचं लिहायची सवय असेल तर ते बफर एखाद्या फाइलला जोडून टाका.

गावकूस

माझं तालुक्याच्या गावी टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. आमच्याकडे खरा प्रश्न विजेचा. वीज गेली, इन्व्हर्टर लागायला क्षणभर उशीर झाला, मशिन बसलं. परत चालू केलं तर टॅब तिथेच, पण आत मजकुराऐवजी काळ्या चौकटींत 'नल' 'नल' 'नल' अशी रांग. ग्राहकाचा वारसाहक्काचा मसुदा होता. असं का होतं? दर ७ सेकंदांनी प्रत निघते ना?

पहाटवारा

गावकूस, एडिटरने लिहिलं म्हणजे त्याच क्षणी डिस्कवर गेलं असं नसतं. विंडोज ते आधी मेमरीत धरून ठेवतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. एनटीएफएस ही फाइलव्यवस्था फाइलचं नाव, आकार, जागा या नोंदी जपण्याची काळजी घेते, आतल्या मजकुराची तशी हमी देत नाही. वीज नेमकी मधल्या क्षणी गेली तर 'अमुक आकाराची फाइल आहे' ही नोंद उरते आणि मजकुराच्या जागी शून्य भरलेली दिसतात. त्यालाच एडिटर 'नल' म्हणून दाखवतो. आकार बरोबर असतो, म्हणून फाइल शाबूत आहे असं वाटतं.

यावर तीन गोष्टी करता येतात. डेस्कटॉपला इन्व्हर्टरशिवाय स्वतंत्र छोटा यूपीएस लावा, कारण साध्या इन्व्हर्टरचा बदलायचा वेळ काही पॉवर सप्लायना सोसत नाही. ग्राहकाचा मसुदा पहिल्या ओळीलाच नाव देऊन सेव्ह करा. आणि नोटपॅड प्लस प्लसच्या प्रेफरन्सेसमधल्या त्याच बॅकअप पानावर खाली 'बॅकअप ऑन सेव्ह' आहे, तिथे 'व्हर्बोज' निवडा. मग प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची प्रत तारीखवार वेगळी राहते. एक फाइल शून्यांनी भरली तरी तिच्या आधीची चांगली सापडते. नाव नसलेल्या टॅबला हे संरक्षण मिळत नाही.

टंकनिका

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक, गावकूसदादांना हे नक्की उपयोगी पडेल. नवा टॅब उघडल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात 'यूटीएफ-८' हे एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) दिसतंय ना ते बघा. तिथे 'एएनएसआय' असेल आणि तुम्ही देवनागरी मजकूर पेस्ट केलात तर ओळच्या ओळ प्रश्नचिन्हांची होते. पुढच्या काही सेकंदांत बॅकअपमध्येही तीच प्रश्नचिन्हं जातात. त्यातून मूळ अक्षरं परत आणता येत नाहीत, कारण ती कुठे साठवलेलीच नसतात. एन्कोडिंग नंतर बदलूनही उपयोग नाही. प्रेफरन्सेसमध्ये 'न्यू डॉक्युमेंट' इथे एकदाच यूटीएफ-८ ठरवून ठेवा. विंडोजचं साधं नोटपॅड २०१९ च्या अपडेटपासून आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं, पण त्याहून जुन्या मशिनवर सेव्ह करताना खालचा एन्कोडिंगचा पर्याय हाताने बदलावा लागतो.

सांजपाखरू

सगळ्यांची माहिती उत्तम. पण या चर्चेत न सेव्ह केलेला टॅब म्हणजे जणू आळस, असा एक सूर लागतोय, त्याला माझी हरकत आहे.

मी अनुवाद करते. एखादा परिच्छेद तीन प्रकारे लिहून बघायचा असतो, एखाद्या शब्दाचे पर्याय नुसते खाली खाली मांडायचे असतात. या मजकुराला नाव द्यायचं म्हणजे तो काय आहे हे आधी ठरवायला हवं, आणि ते ठरलेलं नसतं म्हणूनच तर मी तो लिहीत असते. नाव विचारणारी चौकट कामाच्या चुकीच्या टप्प्यावर समोर येते. एडिटरने न विचारता सांभाळणं ही लिहिणाऱ्यासाठी फार मोठी सोय आहे. ती वापरणाऱ्याला बेशिस्त ठरवू नये.

टंकनिका

सांजपाखरू, मनापासून सहमत. मीही सबटायटलच्या ओळी आधी अशाच टॅबमध्ये जुळवते. माझं म्हणणं इतकंच की विचार चालू असेपर्यंत टॅब बेनावी असावा. विचार संपला आणि टॅब तसाच राहिला, की तो पुढच्या विचाराच्या आड येतो. आडवाट यांची अडचण ही दुसऱ्या प्रकारची आहे.

आणि दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे, सेव्ह न करता नाव देण्याचा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये 'न्यू' टॅबवर उजवी टिचकी मारून 'रिनेम' करता येतं. फोल्डर विचारत नाही, फाइल होत नाही, फक्त टॅबवरचं नाव बदलतं. सब्लाइममध्ये तर तेवढंही करावं लागत नाही. पहिली ओळ हेच टॅबचं नाव होतं. व्हीएस कोडही बेनावी टॅबसाठी पहिल्या ओळीतला मजकूर दाखवतो. त्यामुळे मी पहिली ओळ नेहमी स्वतःसाठी लिहिते, 'भाग ४, आजीचा संवाद, लहेजा ठरवायचाय' अशी. दुसऱ्या ओळीपासून काम. पट्टीकडे बघितलं की काय अर्धवट आहे ते वाचता येतं.

सांजपाखरू

पहिल्या ओळीची कल्पना फार आवडली. आजपासून सुरू.

रुजवात

एका गोष्टीकडे लक्ष वेधते. मी माहिती सुरक्षेच्या विभागात आहे. बॅकअप फोल्डरातला मजकूर कुलूपबंद नसतो, सरळ वाचता येतो. सपोर्टच्या लोकांच्या बेनावी टॅबमध्ये पासवर्ड, सर्व्हरचे पत्ते, ग्राहकांचे मोबाइल नंबर, कधी आधार क्रमांक सापडतात. 'सेव्ह केलं नाही म्हणजे कुठे राहिलं नाही' असा समज असतो आणि तो धोक्याचा आहे. तुम्ही टॅब उघडा ठेवलाय तोवर ती माहिती डिस्कवर आहे. ऑफिसच्या बॅकअप यंत्रणेत युजरचं प्रोफाइल फोल्डर येत असेल तर आणखी कुठे कुठे तिच्या प्रती आहेत ते तुम्हाला ठाऊकही नसेल.

आडवाट, हलवण्याआधी 'फाइंड' चौकटीतलं 'फाइंड ऑल इन ऑल ओपन्ड डॉक्युमेंट्स' वापरा. ते सेव्ह न केलेल्या टॅबमध्येही शोधतं. 'पासवर्ड' शोधा, 'पीडब्ल्यूडी' शोधा, मग रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्यावरून शोधण्याची सोय) निवडून सलग १० आकडे आणि सलग १२ आकडे शोधा. खाली निकालांची यादी येते, कोणत्या टॅबमध्ये किती वेळा सापडलं ते दिसतं. पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये हलवा, ग्राहकांचे नंबर असलेले टॅब काम संपलं असेल तर बंदच करा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर कंपन्या याकडे काटेकोरपणे बघू लागल्या आहेत, पण कायदा बाजूला ठेवला तरी कुणाचा तरी नंबर आपल्या 'न्यू २३' मध्ये वर्षभर पडून राहणं बरं नाही.

फोल्डर कॉपी करताना पेन ड्राइव्ह आणि स्वतःचा मेल टाळा. ऑफिसने दिलेल्या शेअरवरूनच न्या.

मुळारंभ

रुजवाततैंचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. अनुमोदन.

कळफलक

आडवाट, आता छाटणीचं सांगतो. विंडो मेनूत 'विंडोज' नावाची चौकट आहे, फार थोडे लोक ती उघडतात. सगळे टॅब यादीत दिसतात आणि नाव, प्रकार, आकार यांवर क्रम लावता येतो. आकारावर लावलंत की रिकामे आणि एखाद-दुसऱ्या ओळीचे टॅब एकत्र येतात. शिफ्ट धरून निवडा आणि एकदम बंद करा. आधी बॅकअप फोल्डरची प्रत काढलेली असू द्या, कारण 'नाही, सेव्ह करू नको' म्हटलं की एडिटर त्या टॅबची बॅकअप फाइलही काढून टाकतो.

रोजच्या वापराला व्ह्यू मेनूतली 'डॉक्युमेंट लिस्ट' चालू करा. टॅबची नावं डाव्या बाजूला उभी येतात, पूर्ण वाचता येतात. ८.७ आवृत्तीपासून टॅब पिन करायची सोय आहे, जे रोज लागतात ते पिन करून डावीकडे ठेवा. आणि नोटपॅड प्लस प्लसच्या एकाहून जास्त खिडक्या उघडून काम करायचं असेल तर दुसऱ्या खिडकीत बेनावी टॅबवर भिस्त ठेवू नका, तिथे नाव देऊनच लिहा. सेशनची आठवण ही एका खिडकीच्या हिशोबाने केलेली सोय आहे.

आडवाट

मंडळी, मनापासून आभार. शनिवारी बसून सगळं केलं. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणाला लागेल.

आधी बॅकअप फोल्डरची प्रत. मग रुजवाततैंनी सांगितलेला शोध. पासवर्ड निघालेच, बहुतेक चाचणी सर्व्हरचे, तरीही ते हलवून टॅब बंद केले. मग आकारानुसार छाटणी. सगळ्यात जास्त जे निघालं ते म्हणजे एकाच क्वेरीच्या किंचित वेगळ्या आवृत्त्या, कुठे तारखेची अट बदललेली, कुठे टेबलचं नाव. त्या एकत्र करून विषयवार फाइली केल्या: महिनाअखेरीच्या, दुहेरी नोंदी शोधायच्या, अडकलेले जॉब सोडवायच्या. प्रत्येक क्वेरीच्या वर दोन वजाचिन्हं देऊन ती कशासाठी आणि चालवण्याआधी काय तपासायचं ते लिहिलं. हे करताना एक अपडेट क्वेरी सापडली, तिला 'वेअर'ची, म्हणजे कोणत्या नोंदी बदलायच्या याची, अटच नव्हती. अर्धवट लिहून ठेवलेली. ती चुकून कुणी निवडून चालवली असती तर अख्खं टेबल बदललं असतं. अर्धवट मजकूर साठवून ठेवताना अशा क्वेरीची पहिली ओळ तरी दोन वजाचिन्हं लावून टिप्पणी करून टाकावी, एवढं सपोर्टमधल्या सगळ्यांना सांगेन.

सब्लाइममध्ये क्लायंटवार प्रोजेक्ट केले. नव्या लॅपटॉपवर युजरनेम वेगळंच मिळालं, टंकनिकाताईंनी सांगितलं तसं सेशन फाइलमध्ये बदललं आणि टॅब नीट उघडले.

एक शंका राहिली. टॅब आले, मजकूर आला, पण कंट्रोल+झेड दाबलं तर मागे जात नाही. काही राहिलं का?

टंकनिका

नाही, काही राहिलेलं नाही. अनडूचा इतिहास मेमरीत असतो. एडिटर बंद झाला की संपतो, जुन्या मशिनवरही दुसऱ्या दिवशी तो नसायचाच. बॅकअपमध्ये फक्त शेवटची अवस्था असते. आधीचे टप्पे हवेच असतील अशा मजकुराला नाव देऊन 'व्हर्बोज' बॅकअपवर टाका. व्हीएस कोडमध्ये सेव्ह केलेल्या फाइलीसाठी 'टाइमलाइन' या भागात जुने टप्पे मिळतात.

गावकूस

छोटा यूपीएस घेतला आणि 'व्हर्बोज' चालू केलं. त्या प्रती कुठे जातात? फाइलच्या फोल्डरात तर काही दिसत नाही.

पहाटवारा

फाइल ज्या फोल्डरात आहे तिथेच 'एनपीपीबॅकअप' नावाचं फोल्डर तयार होतं. पण चालू केल्यानंतर निदान एकदा सेव्ह करावं लागतं, त्याआधी ते दिसणार नाही. प्रत्येक सेव्हला एक प्रत साठत जाते, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी जुन्या प्रती काढून टाका. सगळ्या प्रती एकाच जागी हव्या असतील तर त्याच पानावर 'कस्टम बॅकअप डिरेक्टरी' आहे. दुकानात दुसरी हार्ड डिस्क असेल तर तिच्यावरचं एखादं फोल्डर तिथे द्या.